माजाची वेळ आणि मोटारसायकल

माझं काम गायी-म्हशींचं. कनेरगाव नाक्यावर राहतो आणि आसपासच्या खेड्यांत, वस्त्या-तांड्यांवर जाऊन कृत्रिम रेतन करतो. लोक डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. प्रशिक्षण घेतलेला खासगी रेतन कार्यकर्ता आहे. प्रशिक्षणात जनावराची शरीररचना शिकवली, माजाची लक्षणं शिकवली, गर्भाशयाचं मुख हाताने चाचपून कसं धरायचं ते शिकवलं. ज्या गाडीवर बसून हे सगळं करायला जायचं तिच्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. ते नाक्यावर, घरच्या अंगणात आणि पांदणीतल्या चिखलात शिकावं लागलं.

गाडीचं एवढं महत्त्व कशासाठी, ते आधी सांगतो. गाय माजावर येते ती काही तासांपुरती. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करायचं, असा आमच्या धंद्यातला साधा नियम. ही वेळ हुकली की पुढचा माज एकवीस दिवसांनी. तेवढे दिवस शेतकऱ्याने चारा, पेंड, सरकी घालायची आणि बदल्यात काही नाही. म्हशीचं तर आणखी अवघड. उन्हाळ्यात तिचा मुका माज असतो. ती हंबरत नाही, उड्या मारत नाही. धार काढणाऱ्या बाईच्याच तो लक्षात येतो, कारण म्हशीने दूध चोरलेलं असतं. मग फोन येतो, ‘डॉक्टर, कालपासून वेगळीच करायली, लवकर या.’ त्या क्षणी गाडीची क्लच वायर तुटलेली असली, तर माझं सगळं शिक्षण नाक्यावरच बसून राहतं.

हिंगोली आणि वाशीम यांच्या दरम्यान, अकोला-नांदेड रस्त्यावर आमचं गाव आहे. जुन्या निजामी मुलखाची आणि वऱ्हाडाची ही हद्द. आज अलीकडे हिंगोली जिल्हा, पलीकडे वाशीम, मध्ये पैनगंगा. चहाच्या टपरीसमोर एमएच 38 आणि एमएच 37 शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि माझे फोनही दोन्हीकडून येतात. राष्ट्रीय महामार्ग 161 चौपदरी झाला, फार चांगलं झालं. पण गोठे महामार्गावर नसतात. डांबर सोडलं की पुढे पांदण असते, आणि आमची पांदण म्हणजे काळी माती.

काळ्या मातीत मोटारसायकल चालवणं हे बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. पहिल्या पावसानंतर ती टायरला धरते. धरलेली माती चाकाबरोबर फिरते, आणखी माती ओढते, आणि शेपाचशे पावलांत पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट पूर्ण भरते. मग चाक फिरायचंच थांबतं. मागचं चाक जोर लावतं, पुढचं नांगरासारखं घसटत जातं, क्लच जळल्याचा वास येतो. अशा वेळी रेस वाढवणारा माणूस क्लच प्लेटा घालवतो. गाडी बंद करायची, खाली उतरायचं, बांधावरची तुराटी मोडून घ्यायची आणि मडगार्डच्या आतून माती कोरून काढायची. तुराटी यासाठी उत्तम. लोखंडी सळईने टायर आणि स्पोक दुखावतात, बोटांनी माती निघत नाही.

पावसाळ्यात पुढचं मडगार्ड काढूनच टाकणारे पुष्कळ आहेत. मी ते करत नाही आणि कुणाला करू देत नाही. आमच्या गाडीच्या मडगार्डच्या आत लोखंडी कमान असते आणि ती पुढच्या दोन्ही फोर्कना एकमेकांशी बांधून ठेवते. ती काढली की खड्ड्यात एक पाय एकीकडे, दुसरा दुसरीकडे लवतो. हँडल हातात थरथरतं आणि हळूहळू ऑईल सील गळू लागतात. शिवाय चिखल सरळ इंजिनच्या पंख्यांवर, म्हणजे हवेने थंड होण्याच्या पापुद्र्यांवर जाऊन बसतो आणि वाळून तिथेच पक्का होतो. ज्या इंजिनला वाऱ्याशिवाय दुसरं थंड करणारं काही नाही, त्याला मातीचं लिंपण घालणं बरं नव्हे. मी नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टीचे चार तुकडे कापून घेतले, त्यांना भोकं पाडली आणि कमानीसकट मडगार्ड दोन बोटं वर घेतलं. चिखल अजूनही भरतो, पण उशिरा भरतो, आणि तुराटी आत सहज फिरते. माझ्या गाडीतला हा पहिला बदल. आजही माझ्या मते या भागातल्या गाडीला करण्याजोगा सगळ्यात शहाणा बदल हाच.

दुसरा बदल कामाने करायला लावला. आमच्याकडे द्रवरूप नायट्रोजनचं पात्र असतं. रेतमात्रेच्या कांड्या त्यात उणे 196 अंश सेल्सियसला बुडवलेल्या असतात. नाशिकला इंडियन ऑईलचा क्रायोजेनिक्सचा कारखाना आहे. ॲल्युमिनियमची अशी पात्रं तिथे बनतात. फिरतीवर नेण्याचं लहान पात्र तीन लिटरचं. आतल्या नायट्रोजनचं वजन जेमतेम अडीच किलो, पात्र धरून सगळं ओझं पाण्याच्या भरलेल्या कळशीपेक्षा कमीच. प्रश्न वजनाचा नाहीच. या पात्रात दोन भांडी असतात, एकात एक, आणि मध्ये निर्वात पोकळी. आतलं भांडं फक्त वरच्या मानेला लटकलेलं असतं. गाडीने खड्ड्यात आदळा खाल्ला की तो सगळा हिसका त्या मानेवर येतो. मानेचा जोड ढिला झाला की निर्वात पोकळी जाते. बाहेरून काही दिसत नाही. पात्राच्या अंगाला पांढरं दव धरू लागतं तेव्हा कळतं, आणि तोवर नायट्रोजन भराभर उडून कांड्यांचा जीव गेलेला असतो. त्या कांड्यांनी केलेलं रेतन उलटतं. शेतकरी म्हणतो डॉक्टरचा हात चांगला नाही. खरं तर मागच्या शॉकअपमधलं तेल गेलेलं असतं.

हे लक्षात आलं तेव्हापासून माझी शॉकअपकडे, टायरमधल्या हवेकडे, चाकाच्या बेअरिंगकडे पाहण्याची नजर बदलली. पूर्वी या गोष्टी कंबरदुखीशी जोडलेल्या होत्या. आता त्या गाय गाभण राहण्याशी जोडल्या गेल्या. टायरमधली हवा मी डोळ्यांनी बघून किंवा अंगठ्याने दाबून ठरवत नाही. चेन कव्हरवर कंपनीने स्टिकर लावलेला असतो. एकट्याने जायचं तर किती, मागे माणूस असला तर किती, ते त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. पंक्चरवाल्यांना मात्र दगडासारखं टायर करण्याची हौस असते. जास्त हवेचं टायर प्रत्येक खडा वर पाठवतं. मी खिशात मावणारा हवेचा गेज घेतला आणि हवा भरून झाली की स्वतः मोजतो. सुरुवातीला लोक बघायचे. आता दूधवालेही गेज मागतात.

पात्रासाठीचं कॅरियर मी स्वतः आखून बनवून घेतलं. बाजारात मिळतात ती कॅरियर सीटच्या मागे, मागच्या चाकाच्याही मागे ओझं ठेवतात. तिथे हिसका सगळ्यात मोठा. गाडीवर मागे बसलेल्या माणसाला विचारा, खड्डा त्याला किती लागतो आणि चालवणाऱ्याला किती. म्हणून पात्र जितकं पुढे आणि जितकं खाली येईल तितकं चांगलं. डाव्या बाजूला, साडी गार्डच्या जागी, अँगलचा चौकोनी पिंजरा बसवला. त्याचे बोल्ट मागच्या शॉकअपच्या वरच्या नटापाशी आणि पायदानाच्या दांड्याशी घेतले, म्हणजे नवीन भोक फ्रेमला पाडावं लागलं नाही. फ्रेमला भोक कधीही पाडू नये; तिथूनच पुढे तडा जातो. पिंजऱ्याच्या तळाला ट्रकच्या जुन्या ट्यूबचे पट्टे ताणून पलंगाच्या नवारीसारखे विणले आणि पात्र त्या विणीवर बसवलं. बाजूंनी फोम, वरून पट्टा. पात्राचं झाकण मात्र मोकळंच राहिलं पाहिजे. नायट्रोजन सतत उडत असतो, त्याला वाट हवी; झाकण कुणी दोरीने आवळून बांधलं तर पात्र फुटू शकतं. गाडी लावायची ती मधल्या स्टँडवर, साइड स्टँडवर नाही, म्हणजे पात्र सरळ उभं राहतं.

या सगळ्यात मला दोन माणसांनी शिकवलं. एक जुने पशुधन पर्यवेक्षक, निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे अजून राजदूत होती. एस्कॉर्ट्सची ती 175 सीसी टू-स्ट्रोक गाडी दूधवाल्यांची आणि सरकारी फिरतीवाल्यांची लाडकी होती. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं असायचं, प्लगवर काजळी धरायची, आणि रस्त्यात प्लग काढून घासून लावणं हे चष्मा पुसण्याइतकं नेहमीचं होतं. त्या पिढीतला प्रत्येक फिरतीवाला निम्मा मिस्त्री होता, कारण त्याशिवाय संध्याकाळी घरी पोहोचताच येत नसे. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली. फोर-स्ट्रोक गाड्या कमी कुरकुरतात, पेट्रोल कमी पितात, त्यामुळे खेड्यातला माणूस मोटारसायकलवर आला. पण हात लावण्याची सवय तिथेच सुटली. गाडी चालते आहे ना, मग बघायचं कशाला, असं झालं.

दुसरा माणूस माझ्याहून लहान. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचं औरंगाबाद) वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आहे आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे असंख्य लहान-मोठे कारखाने. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली पोरं तिथे कंत्राटावर उभी राहून मोठी झाली. त्यातला एक परत येऊन नाक्यावर गॅरेज टाकून बसला. त्याने मला सांगितलेली गोष्ट अशी, की नट किती आवळायचा हे जोराने ठरत नाही. कारखान्यात प्रत्येक नटाला ठरलेला टॉर्क असतो. ॲल्युमिनियमच्या इंजिनमध्ये स्टीलचा बोल्ट मनगटाच्या जोराने आवळला की आटे जातात, आणि आटे गेले की ऑईल चेंबरचा साधा बोल्टसुद्धा हजारांत जातो. प्लग आधी हाताने, पाना न लावता, शेवटपर्यंत फिरला पाहिजे. नुसत्या बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका बसलाय. काढा आणि पुन्हा लावा. मग पान्याने थोडासाच.

घरी मी काय करतो, तर आठवड्यातून एकदा साखळी बघतो. लोक तिला जळकं ऑईल लावतात. ते फुकट मिळतं, पण त्यात इंजिनमधली झीज मिसळलेली असते आणि धूळ त्याला चिकटून साखळीला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. मी साखळी रॉकेलच्या ब्रशने धुतो, फडक्याने पुसतो आणि नव्वद नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूने, रोलरच्या सांध्यांवर, थेंब-थेंब सोडतो. पुन्हा पुसून घेतो. बाहेर दिसणारं तेल काही कामाचं नसतं.

मग साखळीचा ताण. मधल्या स्टँडवर गाडी घेऊन मागचं चाक हळूहळू फिरवत खालची साखळी बोटाने उचलून पाहायची. ती सगळीकडे सारखी सैल नसते. एका जागी ताठ लागते, दुसऱ्या जागी लोंबते. ताण बसवायचा तो सगळ्यात ताठ जागेवर, नाहीतर नेमकी तीच जागा आली की साखळी पुढच्या दातांना ओढून बेअरिंग खाते. स्विंगआर्मवर दोन्ही बाजूंना खुणा असतात, चाक दोन्हीकडे सारख्याच खुणेवर हवं. आणि इथे एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात: चाक मागे सरकवलं की मागच्या ब्रेकची सळई ओढली जाते. ताण बसवून झाल्यावर ब्रेक थोडा मोकळा केला नाही, तर लायनर ड्रमला घासत राहतं, ॲव्हरेज पडतं, ड्रम तापतो, आणि माणूस इंजिनमध्ये दोष शोधत बसतो. दुखणं एकीकडे आणि बोंब दुसरीकडे, असं गाडीचंही होतं.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत सगळीकडे भुसकट असतं. त्या दिवसांत एअर फिल्टर दर थोड्या दिवसांनी उघडून बघावा लागतो. जुन्या गाड्यांत स्पंजचा फिल्टर असायचा. तो रॉकेलमध्ये धुवायचा, वाळवायचा, तेलात बुडवून पिळायचा आणि परत लावायचा. नंतरच्या गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर आला. तो धुवायचा नसतो आणि त्याला हवाही मारायची नसते. तो बदलायचा असतो. प्लग हा फिल्टरचा साक्षीदार. विटकरी-तपकिरी रंगाचा प्लग म्हणजे सगळं ठीक, कोरडी काजळी म्हणजे हवा कमी पडतेय, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. गाडीला आतून बघण्याची एवढी स्वस्त सोय दुसरी नाही.

टॅपेटबद्दल एक सांगितलंच पाहिजे, कारण त्यात लोक पैसे देऊन नुकसान करून घेतात. मिस्त्रीला सांगतात, टॅपेटचा आवाज बंद कर. तो बिचारा आवळून देतो; गाडी शांत वाजते, मालक खूश. पण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. त्याच्यासाठी ठेवलेली फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि बसला नाही की त्याची कड जळते. मग सकाळी किक मारून पाय दुखतो, गाडी चढावर ओढत नाही. कंपनीने दिलेलं अंतर मिलिमीटरच्या शतांशांत असतं आणि ते इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेजच्या पानाने मोजायचं असतं. दुपारी रणरणत्या उन्हात धावून आलेल्या गाडीचं टॅपेट लगेच लावून देणारा मिस्त्री कितीही ओळखीचा असो, त्याला नको म्हणा. गाडी रात्रभर ठेवा आणि पहाटे करा. हलकीशी टिकटिक हे निरोगी इंजिनचं लक्षण आहे.

वाटेत लागणारं सामान मी सीटखाली आणि पिंजऱ्याच्या खणात ठेवतो: प्लग पाना, दहाचा नि चौदाचा पाना, पक्कड, टायर काढायच्या दोन पट्ट्या, जोडलेली ट्यूब, सायकलचा पंप, साखळीचं लॉक. क्लच वायर मात्र सामानात ठेवत नाही. नवी वायर जुनीच्या शेजारून, टाकीखालून आधीच ओढून ठेवली आहे आणि दोन्ही टोकं बांधून ठेवली आहेत. जुनी तुटली की टाकी न काढता फक्त टोकं बदलायची. अंधारात, पावसात, गोठ्यात गाय ताटकळत असताना ही सोय काय असते ते ज्याची वायर तुटली त्यालाच विचारा.

बदलांच्या बाबतीत नाक्यावरच्या पोरांशी माझं नेहमी भांडण असतं. त्यांना मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हवा, रुंद टायर हवं, लहान आरसे हवेत. मी म्हणतो, गाडीचं काम काय ते आधी ठरवा. ज्या बदलाने काम सोपं होतं तो करा, बाकी राहू द्या. सायलेन्सर बदलल्याने शंभर सीसीच्या गाडीला जोर येत नाही. कार्बोरेटरचं गणित बिघडतं आणि गोठ्यातली गाय बिचकते. बिचकलेली गाय आचळातलं दूध वर ओढते आणि रेतनाच्या वेळी अंग आकसते. मी कोणत्याही गोठ्यापासून दूर गाडी बंद करतो आणि चालत जातो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सुद्धा कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं.

लाइटचा बदल मात्र मी केला. जुन्या शंभर सीसी गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसे. तो थेट मॅग्नेटोच्या विजेवर जळायचा. रेस कमी झाली की उजेड मंद. नेमकं खड्ड्यापाशी आपण रेस सोडतो आणि नेमका तिथेच अंधार. मी अशा विजेवर चालणारा एलईडी बसवला, पण पांढराशुभ्र झगझगीत नाही. समोरून बैलगाडी येते, सायकलवर म्हातारा येतो, त्यांच्या डोळ्यांवर प्रकाश मारण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याहून मोलाचं काम लाल रेडियमच्या पट्टीने केलं. पिंजऱ्याच्या मागे आणि बाजूला ती चिकटवली. महामार्गावर रात्री उसाच्या किंवा कडब्याच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याविना चालतात. त्यांच्या मालकांनाही मी पट्टीचा तुकडा कापून देतो.

पैनगंगेला पूर आला की पलीकडची गावं माझ्यापासून तुटतात. पुलावरून पाणी वाहत असताना मी जात नाही. माज एकवीस दिवसांनी परत येतो. ओढ्यात मात्र कधीतरी गाडी पाण्यात थांबते. अशा वेळी लगेच किक मारू नये. फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायचा, मग किक मारून पाणी बाहेर टाकायचं. कार्बोरेटरच्या वाटीखाली निचऱ्याचा स्क्रू असतो, तो सैल करून खालचं पाणी सोडायचं. बाहेर निघाल्यावर ब्रेक हलके दाबून थोडं चालवायचं, म्हणजे भिजलेले लायनर सुकतात. नाहीतर पुढच्या वळणावर ब्रेक लागतच नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. जुनी कार्बोरेटरची गाडी पावसात दिवसेंदिवस उभी असेल, तर टाकीच्या तळाला पाणी साचतं आणि टाकी गंजते. टाकीच्या झाकणाचं रबर आणि पेट्रोलची नळी, दोन्ही स्वस्त वस्तू; तडकलेली दिसली की बदला.

1 एप्रिल 2020 पासून बीएस सिक्सच्या गाड्या आल्या आणि शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. तेव्हा नाक्यावर सगळे म्हणाले, आता घरी हात लावायची सोय संपली. मला तसं वाटत नाही. जेट साफ करायचं काम गेलं, पण साखळी, ब्रेक, हवा, ऑईल, फिल्टर, टॅपेट सगळं तिथेच आहे. नवी भर पडली ती बॅटरीची. जुनी गाडी बॅटरी मेली तरी किकवर चालायची. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप आणि कंट्रोल युनिट विजेवर जगतात. बॅटरीची टोकं घट्ट आणि स्वच्छ ठेवणं, पेट्रोल रिझर्व्हच्या खाली न नेणं, फ्यूज कुठे आहे ते माहीत असणं आणि इंजिनच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागला तर दुर्लक्ष न करणं, एवढं केलं तर ही गाडी जुनीपेक्षा कमी त्रास देते. सर्व्हिसिंगवाल्याने पाइपचं पाणी थेट वायरिंगच्या जोडांवर मारू नये एवढं मात्र बजावून सांगा.

चालवण्याबद्दल फार सांगत नाही. चिखलात दुसऱ्या गिअरवर, पाय पायदानावर, पुढचा ब्रेक विसरून जायचं. कोरड्या रस्त्यावर मात्र पुढचाच ब्रेक खरा थांबवतो. आणि चौपदरी रस्त्यावर उलट्या दिशेने जाऊ नका. दुभाजकाच्या पुढच्या फाट्यापर्यंतचा फेरा वाचवायला लोक उलटे येतात आणि मी त्यातल्या काहींच्या घरी नंतर बसायला गेलो आहे. त्या घरांतली गाय मग शेजारी दोहतात.

रेतन कार्यकर्त्यांना, पशुसखींना, दूध संकलनाच्या पोरांना प्रशिक्षण देणाऱ्या सगळ्या संस्थांना माझी एक विनंती आहे. तुमच्या अभ्यासक्रमात दोन दिवस मोटारसायकलला द्या. एखाद्या चांगल्या मिस्त्रीला मानधन देऊन बोलवा. साखळी, ब्रेक, प्लग, पंक्चर आणि नायट्रोजनच्या पात्राचा पिंजरा एवढंच शिकवा, पण प्रत्येकाच्या हातून करून घ्या. आणि शेवटच्या दिवशी जे किट देता, त्यात नायट्रोजनच्या पात्राबरोबर हवेचा गेज, प्लग पाना आणि आयएसआय मार्कचं हेल्मेट घाला.